गालाच्या आतलं अस्तर लघवीच्या मार्गाला चालतं का?

प्रश्न कोपरखैरण्याहून आला आहे. विचारणाऱ्यांचे थोरले बंधू ४१ वर्षांचे, तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटात माथाडी, मूळचे जावळी तालुक्यातले. सहा वर्षांपूर्वी गोणी उतरवताना पाय घसरला आणि ट्रकच्या फाळक्यावर ते दोन्ही बाजूंना पाय पडून आदळले. लघवीतून रक्त गेलं, आठवडाभर नळी होती, मग बरं वाटलं. पुढे वर्षभरात धार बारीक होत गेली. दोनदा दुर्बिणीने आतून कापून झालं. दुसऱ्यांदा कापल्यावर तर चार महिन्यांत पुन्हा तेच. आता महिन्या-दीड महिन्याला सळई घालून मार्ग मोठा करून घेतात. नव्या डॉक्टरांनी सांगितलंय की गालाच्या आतली कातडी काढून मूत्रमार्ग दुरुस्त करू, आणि घरात हे कुणालाच पटत नाहीये. तोंडातली कातडी तिथे चालते का? तोंडाचं काय होईल? दादा सुपारी-तंबाखूचा मावा खातात, त्याने काही बिघडेल का? लेझरने भागणार नाही का? रिपोर्टमध्ये बल्बर भागात ४ सेंटिमीटरचं स्ट्रिक्चर (मार्गाचा अरुंद झालेला भाग), धारेचा वेग सेकंदाला ५ मिली आणि लघवी झाल्यावर मूत्राशयाच्या पिशवीत १४० मिली शिल्लक, असं आहे.

मी ठाण्यात वीसहून अधिक वर्षं युरॉलॉजी करतो आणि त्यातला मोठा भाग या अरुंद झालेल्या मूत्रमार्गांचाच आहे. मूत्रमार्गात औषध सोडून काढलेली एक्स-रे फिल्म मी पाहिलेली नाही, म्हणून अंतिम शब्द तुमच्या सर्जनचाच. पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तरी त्यांचा सल्ला योग्य वाटतो. माझा सख्खा भाऊ असता तर मीही त्याला हेच सांगितलं असतं, आणि त्याच दिवशी त्याच्या खिशातली माव्याची पुडी काढून घेतली असती. तोंडाबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण या ऑपरेशनचा निम्मा निकाल तिथे लागतो.

आधी बिघडलंय काय ते बघू. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो. तो नुसती नळी नाही. आत पातळ अस्तर आणि त्याभोवती रक्ताने भरलेला स्पंजासारखा मऊ थर अशी त्याची रचना आहे. अंडकोषामागे, दोन मांड्यांच्या मध्ये जिथे आपण सायकलच्या सीटवर टेकतो, तिथे हा स्पंज सगळ्यात जाड असतो. त्याला बल्बर भाग म्हणतात. तुमचे दादा फाळक्यावर आदळले तेव्हा हा भाग खालचा लोखंडी काठ आणि वरचं जांघेचं हाड यांच्यात चेपला गेला. स्पंज फाटला, आणि भरून येताना त्याच्या जागी घट्ट, पांढरा, रक्त कमी असलेला व्रण तयार झाला. व्रणाचा स्वभाव आकसण्याचा. जखमेनंतर काही महिने बरं वाटून मग धार बारीक होते ती यामुळे.

दुर्बिणीने आतून कापताना हा व्रण उभा चिरला जातो. मार्ग लगेच मोकळा होतो, पेशंट दुसऱ्या दिवशी घरी जातो, सगळे खूश. पण चिरलेला व्रणच आहे. तो भरून येतो तोही व्रणानेच. बल्बर भागातलं दोन सेंटिमीटरपेक्षा लहान स्ट्रिक्चर पहिल्यांदाच होत असेल तर हा उपाय करून बघायला हरकत नाही, काहींना तो पुरतोही. पण लवकर परत आलेलं स्ट्रिक्चर पुन्हा पुन्हा कापून कायमचं बरं होत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसऱ्यांदा कापण्याचा किंवा सळई घालण्याचा टिकाऊ फायदा दिसला नव्हता. २०२० साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. त्यात परत आलेल्या बल्बर स्ट्रिक्चरच्या पेशंटना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं होतं, एका गटात आतून कापणं आणि दुसऱ्यात उघडून दुरुस्ती. दोन वर्षांपर्यंतच्या त्रासात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पुन्हा काहीतरी करावं लागण्याची शक्यता उघडून दुरुस्ती केलेल्यांमध्ये जवळपास निम्मी होती.

लेझरचं उत्तर यातच आलं. लेझरही आतूनच कापतो. पात्याऐवजी प्रकाश वापरला म्हणून व्रण स्वभाव बदलत नाही. औषध लावलेले फुगे आता निघाले आहेत, ते आत फुगवले की औषध भिंतीत शिरतं आणि व्रण पुन्हा धरणं कमी होतं. त्यांचा उपयोग साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या स्ट्रिक्चरसाठी सांगितला जातो. तुमच्या दादांचं चार आहे.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून झालेली एक चूक मला आजही टोचते. ऐरोलीकडच्या कोळीवाड्यातला एक तरुण होता, होडीच्या काठावर असाच पडलेला. पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं स्ट्रिक्चर जेमतेम दीड सेंटिमीटर होतं. मी आतून कापलं. परत आला, परत कापलं. तीन वर्षांत चार वेळा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, मोठं ऑपरेशन टळतंय, गरिबाचे पैसे वाचताहेत. चौथ्या वेळेनंतर फिल्म काढली तर व्रण पाच सेंटिमीटरवर गेला होता. जो तुकडा कापून दोन टोकं सरळ जोडता आली असती, त्याला आता गालातला ग्राफ्ट, म्हणजे तिथून काढून लावलेला अस्तराचा तुकडा, लागला. तो आज व्यवस्थित आहे, समुद्रावर जातो. पण त्याची तीन वर्षं मी खर्ची घातली. तेव्हापासून दुसऱ्यांदा परत आलेल्या स्ट्रिक्चरला मी आतून हात लावत नाही.

यावरून लक्षात आलं असेल की प्रत्येक स्ट्रिक्चरला गाल लागत नाही. मार खाऊन झालेलं आखूड, पूर्ण बुजलेलं स्ट्रिक्चर असेल तर खराब तुकडा काढून दोन्ही टोकं जोडणं हा उत्तम उपाय, ग्राफ्टची गरजच नाही. अपघातात कमरेचं हाड मोडून मूत्रमार्ग तुटतो तो प्रकार वेगळा. महापे-रबाळ्याच्या पट्ट्यात ट्रकखाली सापडलेले असे पेशंट आम्हाला नेहमी दिसतात. तिथेही टोकंच जोडतात. गाल लागतो तो स्ट्रिक्चर लांब असेल तेव्हा, कारण चार सेंटिमीटर कापून टोकं ओढली तर टाक्यांवर ताण येतो आणि शिश्न ताठ होताना वाकतं. दादांच्या बाबतीत एक गोष्ट सर्जनला जरूर विचारा: चार सेंटिमीटरमधला एखादा भाग पूर्ण बुजलाय का? असेल तर तेवढाच काढून एका बाजूने टोकं जोडतात आणि उरलेली रुंदी गालाच्या अस्तराने भरून काढतात. माराने झालेल्या स्ट्रिक्चरमध्ये असं मिश्र काम पुष्कळदा करावं लागतं.

आता तोंडच का. पूर्वी शिश्नावरची किंवा वृषणाची कातडी वापरायचे. तिच्यात केस असतील तर ते मूत्रमार्गात आत वाढतात, त्यांच्यावर खडे साचतात. ते काढताना मी पाहिलंय. शिवाय कोरड्या जागेवरची कातडी सतत ओल्या जागी कुजकट होत जाते. गालाच्या आतलं अस्तर जन्मापासून ओलं. केस नाहीत. दिवसाला हजारदा दातांशी घासतं, गरम चहा सोसतं, जंतूंच्या सहवासात राहतं आणि तरी ठणठणीत असतं. वरचा थर जाड असल्याने टाके धरतो, खालचा थर पातळ आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्याने भरलेला असल्याने नव्या जागी लवकर जोडला जातो. काढलेली जागा तोंडाच्या आत, बाहेर व्रण दिसत नाही.

घरच्यांना वाटतंय तसा हा कालपरवाचा प्रयोग नाही. १८९० च्या दशकात किएव्हमध्ये सापेझ्को नावाच्या सर्जनने तोंडातलं अस्तर मूत्रमार्गासाठी वापरलं होतं. १९४१ साली इंग्लंडमध्ये हम्बी यांनी जन्मजात दोष असलेल्या मुलासाठी वापरलं. मग हे सगळं विस्मरणात गेलं, ते १९९२ च्या सुमारास पुन्हा वर आलं. १९९६ मध्ये इटलीच्या बार्बाग्ली यांनी ग्राफ्ट मूत्रमार्गाच्या पाठीकडे बसवायची रीत दाखवली. त्यानंतरच्या घडणीत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. आग्र्याचे डॉ. हरी असोपा यांनी २००१ साली मूत्रमार्ग समोरून उघडून आतल्या आत मागच्या भिंतीला ग्राफ्ट लावायची पद्धत मांडली. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी बार्बाग्लींसोबत २००९ मध्ये मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवून दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा शाबूत ठेवायची रीत प्रसिद्ध केली. मूत्रमार्ग टोकापासून बल्बपर्यंत खराब असलेल्या पेशंटचं काम ते मांड्यांमधल्या एकाच चिरेतून करतात. ‘कुलकर्णी टेक्निक’ हे नाव परदेशातले सर्जन घेतात, आणि आपला पेशंट ठाण्यात बसून विचारतो की हे आपल्याकडे होतं का, तेव्हा मला फार वाईट वाटतं. होतं. चांगलं होतं.

पण ग्राफ्ट म्हणजे पाइपला लावलेला पॅच, अशी समजूत असेल तर ती काढून टाका. तुम्ही जावळीचे, भाताची लावणी तुम्हाला सांगायला नको. आवणातून रोप उपटलं की त्याची मुळं तुटतात. चिखलात लावल्यावर पहिले दोन दिवस ते मान टाकून असतं, चिखलातली ओल जेमतेम शोषतं. नवी मुळं फुटली की उभारी धरतं. गालातून सोडवलेल्या अस्तराचं अगदी असंच होतं. त्याचा रक्तपुरवठा पूर्ण तुटलेला असतो. पहिले दोन दिवस ते खालच्या ऊतींमधून पाझरणाऱ्या द्रवावर जगतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात खालच्या रक्तवाहिन्यांची तोंडं त्याच्या रक्तवाहिन्यांना जुळतात. आम्हीही ‘ग्राफ्ट धरला’ असंच म्हणतो, शेतकरी रोपाबद्दल म्हणतो तसं. त्याखाली रक्त साचलं तर पोकळीत लावलेल्या रोपासारखा तो मरतो. हलत राहिला तरी मरतो. म्हणून खालची जागा चांगली हवी, चिखलणी नीट हवी. पूर्ण गोल नळी ग्राफ्टची केली तर तिला सगळीकडून पोसणारी जमीन मिळत नाही आणि ती आकसते. त्यामुळे तुमच्या दादांच्या मूत्रमार्गाची स्वतःची पट्टी तशीच ठेवून त्याला फक्त रुंदी जोडतील.

काम साधारण असं चालतं. अंडकोषामागे चीर घेऊन मूत्रमार्गापर्यंत जातात, अरुंद भाग लांबीने उघडतात, आणि दोन्ही टोकांना निरोगी भागात एकेक सेंटिमीटर पुढे जातात. म्हणजे चार सेंटिमीटरच्या स्ट्रिक्चरला सहा सेंटिमीटरचा ग्राफ्ट धरून चाला. तो मागच्या बाजूने शिश्नाच्या आतल्या घट्ट मांसल दांड्यांवर टाचतात किंवा पुढच्या बाजूने लावून वर स्पंज शिवतात. कोणती बाजू, यावर आम्हा सर्जनांत वाद आहेत, पण बल्बर भागात दोन्ही रीतींचे निकाल जवळपास सारखे. सर्जनला जी सवयीची आहे ती चांगली.

तोंडाकडे येऊ.

पूर्ण भूल असते. श्वासाची नळी बहुतेक वेळा नाकातून घालतात म्हणजे तोंड मोकळं राहतं. गाल ताणून धरला की वरच्या दुसऱ्या दाढेसमोर लाळेच्या नलिकेचं बारीक तोंड दिसतं. त्यावर आधी खूण करतात, कारण ते कापलं गेलं तर गाल लाळेने सुजतो. ओठाच्या कडेपासूनही सेंटिमीटरभर अंतर सोडतात, नाहीतर ओठ आत ओढला जातो. रक्त कमी जावं म्हणून अॅड्रेनॅलिन मिसळलेलं भुलीचं औषध टोचतात आणि सहा बाय अडीच सेंटिमीटरपर्यंतची पट्टी एका गालातून निघते. खालचा स्नायू तसाच ठेवायचा असतो. मग पट्टीच्या मागची चरबी आणि स्नायूचे धागे कात्रीने एकेक करून काढतात. या कामात घाई करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला मी टेबलावरून बाजूला करतो. चरबी राहिली तर ओल वर चढत नाही. काढलेली जागा काही जण शिवतात, काही उघडी सोडतात. तोंड लवकर भरतं, दोन्ही चालतं.

पेशंटला पहिले चार-पाच दिवस खालच्या दुखण्यापेक्षा गालच जास्त जाणवतो. गालावर सूज, तोंड उघडायला घट्टपणा, आतून बधिरपणा. पहिल्या दिवशी थंड दूध, ताक, आईस्क्रीम. मग पेज, मऊ भात, गार वरण. तिखट आणि आंबट दोन-तीन आठवडे दूर. नौपाड्यातल्या एका आजोबांनी शुद्धीवर आल्या आल्या मला मामलेदार मिसळ कधी खाता येईल ते विचारलं होतं. मी तीन आठवडे सांगितले, ते पंचविसाव्या दिवशी जाऊन आले. दिवसातून चार-पाच वेळा जंतुनाशक गुळण्या आणि तिसऱ्या दिवसापासून आरशासमोर तोंड उघडण्याचा व्यायाम करायचा. बोलणं बदलत नाही, चव जात नाही. घट्टपणा बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो. थोडा बधिरपणा काहींना काही महिने राहतो, क्वचित कायमचा. पण त्यामुळे जेवण अडलंय असा पेशंट मला आठवत नाही.

हे सगळं निरोगी तोंडाबद्दल. मावा खाणाऱ्याचं तोंड वेगळं असतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून मावा मिळतोच. आपण तंबाखूलाच घाबरतो, पण तोंड आवळायला मुख्य कारण सुपारी. वर्षानुवर्षं सुपारी चघळणाऱ्याच्या गालाखाली घट्ट पांढरे पट्टे तयार होतात. गाल चामड्यासारखा होतो, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं. ज्या व्रणाने मूत्रमार्ग अरुंद केलाय, तशाच जातीचा व्रण गालात. अशा गालातून काढलेला ग्राफ्ट पातळ निघत नाही, रक्तवाहिन्या कमी, धरत नाही. आणि तोंड आधीच आवळलेलं असताना तिथून पट्टी काढली तर ते आणखी आवळतं. पांढरे किंवा लाल चट्टे असतील तर ते कॅन्सरपूर्व असू शकतात. तिथून काहीही घेत नाहीत, उलट आधी त्यांचीच तपासणी.

आज रात्री दादांना आरशासमोर उभं करा. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन बोटं सहज गेली तर तोंड बरंच बरं आहे. दोनच गेली तर दंतवैद्याला दाखवल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. मग बॅटरीच्या उजेडात दोन्ही गालांच्या आत बघा, बोट फिरवून बघा. ते मावा कोणत्या गालात धरतात ते विचारा. बहुतेकांची बाजू ठरलेली असते, ग्राफ्ट दुसऱ्या बाजूने घ्यायचा. आणि मावा आजपासून बंद. कमी नाही, बंद. ऑपरेशनच्या किमान दोन-तीन महिने आधी सोडला तर अस्तराला सुधारायला वेळ मिळतो. आवळलेले पट्टे मात्र सोडल्यानेही पूर्ण जात नाहीत, म्हणून लवकर सोडणं. रात्री एक वाजता गाड्या उतरवणाऱ्या माणसाला झोप मारायला माव्याचा आधार वाटतो, हे मला कळतं. म्हणून नुसतं ओरडू नका. गावची बडीशेप, भाजके फुटाणे खिशात द्या, आणि मुकादमाला विश्वासात घ्या.

दोन्ही गाल खराब निघाले तरी दारं बंद होत नाहीत. जिभेच्या कडेचं आणि खालचं अस्तर गालाइतकंच चांगलं चालतं. इटलीतल्या सर्जननी २००६ पासून ते वापरात आणलं. काही दिवस बोलताना जड वाटतं इतकंच. शिश्नाच्या टोकाची कातडी निरोगी असेल तर तीही वापरता येते. अगदीच काही नसेल तर अंडकोषामागे लघवीला नवं तोंड करून देतात. बसून लघवी करावी लागते, पण सळया थांबतात. उतारवयातले कितीतरी पेशंट हाच मार्ग घेऊन समाधानाने राहतात.

ऑपरेशनपूर्वीची दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सळई थांबवणं. दर महिन्याला ताणला जाणारा व्रण खरा किती आहे ते फिल्मवर दिसतच नाही. साधारण दोन ते तीन महिने मूत्रमार्गाला हात न लावता ठेवला की तो आकसून आपलं खरं रूप दाखवतो, आणि मग सर्जनला नेमकं किती उघडायचं ते कळतं. या काळात लघवी अगदीच तुंबली तर बेंबीखालून पोटातून पिशवीत नळी घालतात. पेशंटला ती भीतीदायक वाटते, पण दहा मिनिटांचं काम आहे आणि तीच त्या काळात मूत्रपिंडं सांभाळते. १४० मिली शिल्लक म्हणजे पिशवी आत्ताच दमायला लागली आहे. असंच सोडलं तर पिशवीची भिंत जाड होते, खडे होतात, वारंवार जंतुसंसर्ग होतो, आणि कधी व्रणामागे गळू होऊन अंडकोषामागे भगंदरासारखी छिद्रं पडून त्यातून लघवी झिरपते. विश्रांती संपताना नवी फिल्म आणि लघवीचं कल्चर करायचं. जंतू असतील तर आधी त्यांचं औषध.

नंतरचं थोडक्यात. दवाखान्यात दोन-चार दिवस, कॅथेटर साधारण तीन आठवडे. मग कॅथेटरच्या बाजूने औषध सोडून फिल्म काढतात. गळती नसेल तर नळी निघते, थोडी असेल तर आणखी आठवडाभर ठेवतात. नळी असताना ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत घुसायचं नाही. रिक्षाही खड्ड्यांचे रस्ते टाळून. मोटरसायकल आणि सायकल तीन महिने बंद, कारण सीटचा दाब नेमका ग्राफ्टवर येतो. गोणी उचलणंही तेवढेच दिवस नाही. मुकादमाशी हे आधीच बोलून ठेवा, म्हणजे दादा पोटाच्या काळजीने सहाव्या आठवड्यातच पाठीवर हूक घेऊन उभे राहणार नाहीत.

तुमच्या वहिनींनी कदाचित विचारलं नसेल, पण त्यांच्या मनात असेल ते सांगतो. ताठरता काही पुरुषांना सुरुवातीचे काही महिने कमी वाटते, बहुतेकांची सहा महिन्यांत परत येते. लघवी झाल्यावर थोडी टिबकते, वीर्य जोराने न येता ओघळतं असं काही जण सांगतात. स्पंजचा पिळून काढणारा जोर कमी झाल्याने ते होतं. अंडकोषामागे बोटांनी पुढे दाबून शेवटचे थेंब काढायची सवय लावली की कपडे ओले होत नाहीत. हे प्रश्न पती-पत्नी दोघांना समोर बसवून सर्जनला ऑपरेशनआधी विचारा. नंतर विचारायला लाज वाटते आणि माणूस एकटाच कुढतो.

यशाचा आकडा विचाराल तर बल्बर भागात गालाच्या ग्राफ्टने शंभरातले सुमारे ८५ ते ९० जण पुढची काही वर्षं चांगले राहतात. उरलेल्यांना बहुधा ग्राफ्टच्या टोकाशी कडं पडतं. ते लहान असेल तर एकदा आतून कापून भागतं. पण दहा वर्षांनीही स्ट्रिक्चर परत आलेलं मी पाहिलंय, म्हणून तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी युरोफ्लो, म्हणजे मशीनवर धारेचा वेग मोजायची तपासणी, करायचा. मशीनवर जाताना पिशवी नीट भरलेली हवी. १५० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर तो आलेख विश्वासाचा नाही.

सर्जनला संकोच न करता विचारा की वर्षाला असे किती मूत्रमार्ग करता. हे काम हाताच्या सवयीचं आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून हे ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का ते विचारा, आणि माथाडी मंडळाकडून काय मदत मिळते तेही.

आणि ऑपरेशन झाल्यावर एक चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजीत लिहून दादांच्या पाकिटात कायमची ठेवा: माझ्या मूत्रमार्गाची ग्राफ्ट लावून दुरुस्ती झाली आहे, युरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय कॅथेटर घालू नये. पुढे कधी अपेंडिक्स किंवा अपघातासाठी कुठल्या दवाखान्यात नेलं, तर रात्रपाळीच्या नर्सने किंवा डॉक्टरने जोर लावून जाड नळी घातली तर सगळं काम एका झटक्यात फाटू शकतं. कोळीवाड्यातल्या माझ्या त्या पेशंटने ही चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतली आहे. होडीवर ओली होते म्हणून.